पुणें प्रांतांतील देवस्थान-इनामें व त्यांची वहिवाट

जुन्या दप्तरांची पाहणी करणारास जे कागद वारंवार हातीं येतात, त्यांत इनामपत्रांचा क्रम बराच वरचा आहे. त्यांचा मजकूर ठराविक सांच्याचा असल्यामुळें एक वाचलें म्हणजे शंभर वाचल्यासारखें वाटतें. आणि म्हणून दात्याचें नांव, तिथि, शिक्का व गांव एवढें टिपून घेऊन संशोधक पुढील कागदाकडे वळतो. हा परिपाठ राजकीय इतिहासाच्या दृष्टीनें सोयीचा असेल. परंतु धर्मादायाच्या इतिहासास तो घातक आहे. कारण ज्या ठराविक शब्दांवरून आपली दृष्टि निसटते, त्याच शब्दांवर पुढें दीडशें वर्षें सरकारी कचेऱ्यांत व न्यायालयांत वाद झाले, आणि त्यांच्याच आधारें कोठें देवाची जमीन राहिली तर कोठें ती गेली.

प्रस्तुत लेखाचा विषय पुणें प्रांतांतील देवस्थानांच्या जमिनींची व्यवस्था व तींत कालानुसार झालेला पालट हा आहे. भारत इतिहास संशोधक मंडळाचें दप्तर ज्या सदाशिव पेठेंत आहे, त्या पेठेच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर पर्वतीची टेंकडी आहे, आणि पेठेच्या कडेसच विश्रामबाग वाडा आहे. जमिनीच्या व देवालयाच्या धर्मादायाची आठवण पहिली जागा देते. रोख धर्मादायाच्या रूपांतराची आठवण दुसरी देते. ह्या दोहोंचा वृत्तांत एकत्र पाहिल्यास असें दिसून येईल कीं, कोणत्याही धर्मादायासंबंधानें प्रश्न तीनच असतात. मालमत्तेचा स्वामी कोण? हिशेब कोणीं व कोणास द्यावयाचा? लाभ कोणास मिळावयाचा? जुन्या व्यवस्थेंत ह्या तिन्ही प्रश्नांचें उत्तर बहुधा एकाच वहिवाटदाराच्या ठिकाणीं एकवटलेलें असे. अर्वाचीन व्यवस्थेनें तीं उत्तरें एकमेकांपासून वेगळीं केलीं. हें पृथक्करण कसकसें होत गेलें, आणि त्यांत जुन्या कागदांनीं कोणतें काम केलें, हें येथें दाखवावयाचें आहे.

१. प्राचीन दानांची व्यवस्था

धर्मादायाची नोंद, त्याची तपासणी व त्यांतील फेरफार ह्या गोष्टी इंग्रजी अमलानें प्रथमच आणल्या, असा समज पुष्कळांचा असतो. तो खरा नाहीं. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख ह्या बाबतींत फार बोलके आहेत. नहपानाचा जामात उषवदात ह्यानें लेण्यांतील भिक्षूंसाठीं ३००० कार्षापण कायमचे ठेवले. त्यांपैकीं २००० गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा दरशेंकडा एक ह्या व्याजानें, व १००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण ह्या व्याजानें ठेविले. मुद्दल परत घ्यावयाचें नव्हतें. फक्त व्याजाचा उपभोग घ्यावयाचा होता. पहिल्या रकमेच्या व्याजांतून वर्षाकाळीं तेथें राहणाऱ्या २० भिक्षूंस चीवरासाठीं प्रत्येकीं १२ कार्षापण द्यावयाचे होते. हिशेब करून पाहिल्यास २००० चें वार्षिक व्याज २४० होतें, आणि २० भिक्षूंस १२ प्रमाणें लागणारी रक्कमही तेवढीच होते. दात्यानें आंकडे जुळवून दान केलें होतें, हें यावरून उघड आहे. शेवटीं हें दान निगमसभेंत ऐकविलें व रूढीप्रमाणें फलकावर नोंदविलें, असें लेखांत म्हटलें आहे. आजच्या सार्वजनिक विश्वस्त नोंदवहीचा उद्देश ह्याहून निराळा नाहीं.

त्याच लेण्यांतील गौतमीपुत्र सातकर्णीचे दोन लेख याहूनही महत्त्वाचे आहेत. आपल्या कारकीर्दीच्या १८ व्या वर्षीं त्यानें अपरकखडी गांवांतील २०० निवर्तनें शेत त्रिरश्मि पर्वतावरील भिक्षूंस दिलें. हें शेत पूर्वीं उषवदाताच्या भोगवट्यांत होतें. पुढें २४ व्या वर्षींच्या लेखांत असें आढळतें कीं, तें शेत कोणी कसीत नाहीं व तो गांवही ओसाड पडला आहे. म्हणून नगराच्या हद्दीवरील राजकीय शेतांतून १०० निवर्तनें त्याऐवजीं द्यावीं. कागदोपत्रीं दान शाबूत असून प्रत्यक्षांत त्याचें उत्पन्न शून्य झालें आहे, ही गोष्ट सहा वर्षांच्या आंत राजाच्या कानांवर गेली व तिचें निवारण झालें. दानाचें रक्षण म्हणजे लेखाचें रक्षण एवढेंच समजणाऱ्यांनीं हा लेख लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

पुण्याच्या अधिक जवळचा पुरावा कार्ल्याचा. वलूरक लेण्यांत वर्षावास करणाऱ्या चारी दिशांच्या भिक्षूंच्या निर्वाहासाठीं उषवदातानें करजिक गांव दिला. तेथीलच नंतरच्या सातवाहन लेखांत मामाल येथील अमात्यास आज्ञा आहे. मामाल म्हणजे आजचें मावळ. अशा लेखांतून दान दिलेल्या भूमीस मिळणाऱ्या सवलती सांगितलेल्या असतात: राजपुरुषांनीं तींत शिरूं नये, तीस हात लावूं नये, मिठासाठीं ती खणूं नये. शके ६९० (इ. स. ७६८) मधील राष्ट्रकूट कृष्णराजाच्या तळेगांव ताम्रपटांत तर पुण्याच्या प्रदेशाचाच 'पूनक विषय' म्हणून उल्लेख आहे, आणि तो ताम्रपटही ग्रामदानाचाच आहे. म्हणजे पुण्याच्या नांवाचा हा प्राचीन उल्लेख आपणांस मिळतो तो एका धर्मादायाच्या कागदामुळें, अर्थात् ताम्रपटामुळें मिळतो.

२. सनदेची भाषा

मराठेशाहींतील इनामपत्रांची भाषा ह्या प्राचीन परंपरेचीच वंशज आहे. 'स्वराज्य व मोगलाई एकूण दुतर्फा, कुलबाब कुलकानू, हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी, जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेपसहित, हक्कदार व इनामदार खेरीजकरून' हा शब्दसमूह ज्यांनीं वाचला नाहीं असा दप्तराचा अभ्यासक विरळा. ह्यांतील प्रत्येक पदास अर्थ आहे. कुलबाब कुलकानू म्हणजे सर्व बाबी व सर्व कानू. हल्लीपट्टी म्हणजे सध्यां चालू असलेली व पेस्तरपट्टी म्हणजे पुढें बसेल ती पट्टी. जल, तरु, तृण इत्यादि पदें भूमीच्या आंत व वर जें जें आहे त्याचा निर्देश करितात. हा शब्दसमूह सनदेंत असला म्हणजे दान प्रत्यक्ष भूमीचें, व नसला म्हणजे केवळ सरकारी वसुलाचें, असें धरण्याकडे पुढील न्यायालयांचा कल राहिला. वसुलाचा धनी व जमिनीचा धनी ह्यांत किती अंतर आहे, हें कुळांच्या वादांत सांपडलेल्या देवस्थानांस विचारावें.

दुसरा भेद याहून नाजूक आहे. कांहीं पत्रांत इनाम 'श्रीच्या पूजा, नैवेद्य, नंदादीप व उत्साहाच्या खर्चास' दिलेलें असतें. दुसऱ्या कांहीं पत्रांत एखाद्या सत्पुरुषास 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें' दिलेलें असतें. पहिलें दान देवाचें व दुसरें व्यक्तीचें, असा निवाडा करणें सोपें वाटेल. परंतु प्रत्यक्ष कागदांत हे दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळलेले आढळतात. पूजा करणारा गोसावी व ज्याची पूजा करावयाची तो देव ह्या दोघांचीं नांवें एकाच वाक्यांत येतात, आणि वंशपरंपरेचा उल्लेख व नैवेद्याचा उल्लेख एकाच पत्रांत असतो. चिंचवडचें उदाहरण ह्या दृष्टीनें अनन्यसाधारण आहे. तेथें मोरया गोसावींच्या वंशांतील पुरुषांच्या ठिकाणीं गणपतीचा अंश मानण्याची श्रद्धा होती, व त्यांस 'देव' हीच संज्ञा रूढ झाली. जेथें व्यक्तीचें उपनांवच देव, तेथें देवास दिलेलें काय व व्यक्तीस दिलेलें काय, हें कसें ठरवावें? हा वाद इ. स. १८८८ मध्यें मुंबईच्या उच्च न्यायालयापुढें होता.

सनदेच्या शेवटचा भागही लक्षांत घेण्याजोगा आहे. 'प्रतिवर्षीं नूतन पत्राचा आक्षेप न करणें. या पत्राची प्रति लेहून घेऊन हें असल पत्र भोगवटियास परतोन देणें' अशी आज्ञा गांवच्या व परगण्याच्या अधिकाऱ्यांस असे. त्यामुळें एकाच दानाचा पुरावा किमान तीन ठिकाणीं राही: असल पत्र संस्थानापाशीं, प्रति देशपांड्याच्या अगर कुळकर्ण्याच्या दप्तरीं, आणि नोंद हुजूर दप्तरीं. ही योजना शहाणपणाची होती. तीनपैकीं एक जळालें, भिजलें अगर कोणीं लपविलें, तरी उरलेल्या दोहोंवरून खरें काय तें कळावें, असा तिचा परिणाम होई.

३. पर्वती: संस्थापक हाच निरीक्षक

पर्वतीवरील श्रीदेवदेवेश्वराचें देवालय बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे ह्यांनीं इ. स. १७४९ त स्थापिलें. पानिपतच्या घावानंतर २३ जून १७६१ रोजीं त्यांचा अंत झाला तोही पर्वतीवरच. पायथ्याच्या तळ्यांतील बेटावर सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत इ. स. १७८४ त सिद्धिविनायकाची स्थापना झाली. लोक त्यास तळ्यांतला गणपति म्हणत. तळें पुढें नाहींसें होऊन तेथें उद्यान झालें, व तोच आजचा सारसबागेचा गणपति होय. हीं देवालयें व कोथरूडचें मृत्युंजयेश्वराचें देवालय मिळून 'श्रीदेवदेवेश्वर संस्थान, पर्वती व कोथरूड' ह्या नांवानें व्यवस्था चालते.

पर्वतीची जुनी व्यवस्था समजण्यास एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. तेथें संस्थापक, दाता व राज्यकर्ता हे तिन्ही एकच होते. देवालयाचा कारभारी चुकला तर त्यास विचारणारा धनी शनिवारवाड्यांत बसलेला होता. निराळें विश्वस्तमंडळ, निराळा हिशेबतपासनीस ह्यांची गरजच भासूं नये, अशी ती स्थिति होती. ह्या व्यवस्थेचें बळ व तिची दुर्बलता एकाच ठिकाणीं होती: सर्व कांहीं धन्यावर अवलंबून. इ. स. १८१८ त तो धनीच गेला, आणि संस्थापकाशिवाय संस्था कशी चालवावी हा प्रश्न एकाएकीं उभा राहिला.

११ फेब्रुवारी १८१८ रोजीं साताऱ्याहून काढलेल्या जाहीरनाम्यांत एल्फिन्स्टननें वतनें, इनामें, वर्षासनें व धार्मिक संस्था चालू ठेवण्याचें वचन दिलें. वचन देणें सोपें होतें. परंतु तें पाळावयाचें म्हणजे ख्रिस्ती कंपनी सरकारच्या कलेक्टरानें देवालयाच्या नैवेद्याचा हिशेब पाहावयाचा. विलायतेंत ह्यावर कडाडून टीका झाली, व इ. स. १८३३ त कंपनीच्या संचालकांनीं सरकारनें देवालयांच्या अंतर्गत व्यवस्थेंतून अंग काढून घ्यावें असें धोरण ठरविलें. बंगाल व मद्रास इलाख्यांसाठीं हें काम १८६३ च्या २० व्या कायद्यानें पुरें केलें, व तेथें कमिट्या नेमण्याची तजवीज झाली. मुंबई इलाख्याच्या मराठी मुलुखास तो कायदा लागू नव्हता. म्हणून येथें देखरेखीचें काम पुढें दिवाणी न्यायालयांकडे आलें.

४. रोख धर्मादायाचें रूपांतर

जमिनीच्या धर्मादायाविषयीं सरकार असें कचरत असतां रोख धर्मादायांत मात्र त्यानें लौकरच हात घातला. श्रावणमासीं विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा देण्याचा प्रघात सेनापति खंडेराव दाभाडे ह्यांच्या घराण्यानें तळेगांवीं चालविला होता. इ. स. १७३१ त डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर बाजीरावानें तो पुण्यास आपल्याकडे घेतला, आणि पुढें पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यांत ही दक्षिणा वांटली जाऊं लागली. तिच्यामागें जमीन नव्हती. राज्याचा खजिना होता. त्यामुळें खजिना ज्याच्या हातीं गेला त्याच्या हातीं तिचें स्वरूप बदलण्याची सत्ताही गेली.

कमिशनर चॅप्लिन ह्याच्या कारकीर्दींत ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली, व दक्षिणेचा कांहीं भाग तिकडे वळविला. पुढें १८४९ च्या सुमारास गोपाळ हरि देशमुख प्रभृति सुधारकांनीं, दक्षिणेचा कांहीं अंश मराठी ग्रंथकर्त्यांस जातिनिरपेक्ष बक्षिसें देण्याकडे लावावा असा अर्ज केला, व त्यावरून शहरांत मोठा क्षोभ उसळला. इ. स. १८५१ त दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. पाठशाळेचें रूपांतर कालांतरानें डेक्कन कॉलेजांत झालें, आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर व महादेव गोविंद रानडे हे 'दक्षिणा फेलो' झाले. रमण्यांतील दक्षिणा व फेलोची वृत्ति ह्यांमध्यें एकच धागा आहे, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं.

तथापि, कमिटी झाली म्हणजे लाभ सर्वांस खुला झाला, असें समजण्याचें कारण नाहीं. जोतीराव फुले ह्यांनीं १८५५ त लिहिलेलें 'तृतीय रत्न' हें नाटक ह्याच कमिटीकडे पाठविलें होतें, व तें तिनें स्वीकारलें नाहीं, ही हकीकत त्यांनीं स्वतः 'गुलामगिरी'त (१८७३) नमूद केली आहे. हिशेब कोणास द्यावयाचा ह्या प्रश्नाचें उत्तर कमिटीनें दिलें. लाभ कोणास हा प्रश्न तसाच उरला.

५. इनाम कमिशन व न्यायालयें

१८५२ च्या ११ व्या कायद्यानें इनाम कमिशन कायम झालें. त्याच्या चौकशीनें खाजगी इनामदारांत केवढा हाहाकार उडाला, हें सांगण्याची गरज नाहीं. देवस्थानांच्या बाबतींत कायद्याचा नियम सौम्य होता: कायम स्वरूपाच्या देवालयांकडे, मशिदींकडे अगर तत्सम संस्थांकडे चालत आलेल्या जमिनी त्यांच्याकडेच चालू ठेवाव्या. १८६३ च्या कायद्यांनीं व्यक्तींचीं इनामें ठराविक नजराणा घेऊन विक्रीयोग्य केलीं. देवस्थानांच्या जमिनींस ती मुभा मिळाली नाहीं. गांवच्या दप्तरीं 'देवस्थान इनाम वर्ग ३' म्हणून जी नोंद आढळते, तिचें मूळ ह्या काळांतील वर्गवारींत आहे.

कमिशनचा एक अप्रत्यक्ष उपकारही मान्य केला पाहिजे. इनामांची शहानिशा करण्यासाठीं पेशव्यांचें हुजूर दप्तर लावून, निवडून ठेवणें भाग पडलें. सरदेसायांनीं १९३० ते १९३४ ह्या काळांत ज्या दप्तरांतून पंचेचाळीस खंड निवडले, तें दप्तर इतका काळ जपलें गेलें ह्याचें एक कारण इनामांची चौकशी हें होय. इतिहासासाठीं नव्हे, वसुलासाठीं तें जपलें. पण जपलें गेलें.

स्वामी कोण, ह्या प्रश्नाचा स्पष्ट निकाल न्यायालयांनीं केला. ह्या बाबतींतील प्रमुख खटला गुजराथेंतील डाकोरचा असला तरी त्याचें मूळ मराठी आहे. तेथील रणछोडरायाचें मंदिर पेशव्यांचे सराफ गोपाळ जगन्नाथ तांबेकर ह्यांनीं इ. स. १७७२ त बांधलें. पुढें त्यांच्याच घराण्यांतील मनोहर गणेश ह्यांनीं, देवापुढें येणाऱ्या उत्पन्नाचा हिशेब सेवकांनीं द्यावा म्हणून दावा केला. १८८७ च्या निकालांत न्यायमूर्ति वेस्ट ह्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, रोमन कायद्याप्रमाणें हिंदु धर्मशास्त्रासही संस्थारूप व्यक्ति मान्य आहे. देवास अर्पण केलेलें द्रव्य त्या संस्थेचें असून तें हाताळणारे सेवक तिला जबाबदार आहेत. दिवाणी कायद्याच्या ५३९ व्या कलमान्वयें, व १९०८ पासून ९२ व्या कलमान्वयें, अशा संस्थांसाठीं न्यायालय 'योजना' ठरवूं लागलें. पंच किती, ते कोणीं नेमावे, जमाखर्च कसा ठेवावा, पुजाऱ्याचा हक्क कोठपर्यंत, हें सर्व त्या योजनेंत लिहिलेलें असे. मराठी मुलुखांतील अनेक मोठीं देवस्थानें ह्याच मार्गानें वंशपरंपरेच्या वहिवाटींतून पंचांच्या वहिवाटींत आलीं.

६. लाभ कोणास?

तिसऱ्या प्रश्नाची कसोटी पुन्हां पर्वतीवरच लागली. १३ ऑक्टोबर १९२९ रोजीं शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज प्रभृतींच्या पुढाकारानें अस्पृश्य मानलेल्या वर्गाच्या मंदिरप्रवेशासाठीं पर्वतीचा सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रहींवर दगडफेक झाली. दरवाजे उघडले नाहींत. देवालयाची मालमत्ता सार्वजनिक, पण दर्शन मात्र ठराविक वर्णांस, ही विसंगति त्या दिवशीं सर्वांच्या नजरेस आली. मुंबई राज्यांत १९४७ च्या हरिजन मंदिरप्रवेशाच्या कायद्यानें, व नंतर १९५६ च्या सार्वजनिक पूजास्थानांच्या कायद्यानें तिचा निकाल लागला. करजिक गांव देतांना उषवदातानें तो 'चारी दिशांच्या' भिक्षूंसाठीं दिला होता. पुण्यास चारी दिशा खुल्या होण्यास कायद्याची वाट पाहावी लागली, हें नमूद करणें इतिहासलेखकाचें कर्तव्य आहे.

७. नोंदवही व एका शब्दाचें मोल

हिशेबाच्या प्रश्नाचें उत्तर १९३५ च्या नोंदणी कायद्यानें अर्धवट दिलें, आणि न्यायमूर्ति तेंडोलकर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं १९४८ त नेमलेल्या समितीच्या कार्यानंतर १९५० च्या २९ व्या कायद्यानें पुरें केलें. हाच मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम होय. आज त्याच्या नांवांत मुंबईच्या जागीं महाराष्ट्र आहे. ह्या कायद्यानें धर्मादाय आयुक्ताचें पद निर्माण केलें. प्रत्येक सार्वजनिक संस्थेनें आपले विश्वस्त, त्यांच्या वारसाहक्काची पद्धति, स्थावर-जंगम मालमत्ता व उत्पन्न ह्यांची नोंद करावी, दरवर्षीं हिशेब तपासून घ्यावे, असें त्यानें ठरविलें. ३६ व्या कलमान्वयें आयुक्ताच्या पूर्वपरवानगीशिवाय स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल वा बक्षीस करितां येत नाहीं. शेतजमीन १० वर्षांहून, व इतर जमीन अगर इमारत ३ वर्षांहून अधिक मुदतीनें पट्ट्यानें देतां येत नाहीं. १९५४ त सर्वोच्च न्यायालयानें रतिलाल पानाचंद गांधी ह्यांच्या खटल्यांत ह्या कायद्याची चौकट मान्य केली. मात्र धार्मिक दान दात्याच्या हेतूविरुद्ध दुसरीकडे वळविण्याची, व खुद्द आयुक्तासच विश्वस्त नेमण्याची सत्ता अमान्य केली. व्यवस्था सरकारनें पाहावी, हेतु दात्याचाच राहावा, असा ह्या निकालाचा मथितार्थ आहे.

येथपर्यंत आल्यावर सनदेंतील त्या ठराविक शब्दांचें मोल कळतें. १९५२ च्या वैयक्तिक इनामें रद्द करण्याच्या कायद्यानें, १ ऑगस्ट १९५३ पासून, व्यक्तींचीं इनामें संपलीं. देवस्थान-इनामांस तो कायदा लागू नव्हता. 'पुत्रपौत्रादि' कीं 'श्रीच्या नैवेद्यास', हा भेद पूर्वीं पंडितांच्या वादाचा होता. आतां त्यावर इनामाचें अस्तित्व अवलंबून राहिलें. ज्या घराण्यानें शंभर वर्षें 'हें आमचें खाजगी' म्हणून भांडण केलें होतें, त्यास तें सिद्ध झाल्याचें दुःख व्हावें अशी वेळ आली! त्यापाठोपाठ १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन आला, व कुळें जमिनीचीं मालक झालीं. येथेंही धार्मिक संस्थांस सूट होती. परंतु ती मिळण्यास जमिनीचें सर्व उत्पन्न संस्थेच्या हेतूकडेच खर्च होतें, हें दाखवावें लागे. म्हणजे पहिल्या कायद्यांत सनद लागली व दुसऱ्यांत जमाखर्चाची वही लागली. नाशिकच्या लेखांतील न कसलेल्या शेताचा धडा येथें पुन्हां समोर येतो. केवळ लेख पुरेसा होत नाहीं. त्या लेखाप्रमाणें व्यवहार चालू होता, ह्याचाही पुरावा लागतो.

कुळाच्या बाजूनेंही हा प्रश्न पाहिला पाहिजे. पिढ्यान् पिढ्या देवाची जमीन कसणारास शेजारच्या शेताचें कूळ मालक झालेलें दिसलें, आणि आपण मात्र कूळच राहिलों, ही त्याची तक्रार पोकळ नाहीं. जी सूट नैवेद्यासाठीं व नंदादीपासाठीं दिली, तिचा पैसा खरोखर तिकडे जातो कीं नाहीं, हें विचारण्याचा हक्क सर्वांत अधिक त्यालाच आहे. म्हणून हिशेबाची शुद्धता ही केवळ कायद्याची अट नसून त्या सुटीचें नैतिक अधिष्ठान आहे.

८. संग्राहकांस विनंति

आतां ज्यांच्यासाठीं हा लेख मुख्यतः लिहिला त्या संग्राहकांकडे वळूं. जुन्या वाड्यांतून व देवळांच्या कोठ्यांतून कागद बाहेर पडतात तेव्हां मुद्रांकित सनदेस गिऱ्हाईक मिळतें, व तिच्याबरोबरचे जमाखर्चाचे रुमाल रद्दींत जातात. १९६१ च्या पानशेतच्या पुरांत पुण्याच्या नदीकांठच्या पेठांनीं किती कागद गमावले असतील, ह्याची नुसती कल्पना करावी. पण तें नुकसान दैवी होतें. रुमाल फोडून सनद वेगळी काढणें हें नुकसान आपण हातानें करितों.

ह्यांत कायद्याचाही एक मुद्दा आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या ९० व्या कलमाप्रमाणें तीस वर्षांहून जुना कागद 'योग्य ताब्यांतून' आला तर त्याच्या खरेपणाचें अनुमान न्यायालयास करितां येत असे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांत ९२ व्या कलमानें हाच नियम पुढें चालविला आहे. संस्थानाची सनद संस्थानाच्या दप्तरीं असली म्हणजे तिचा ताबा योग्य आहे हें सांगावें लागत नाहीं. तीच एखाद्या हौशी संग्राहकाच्या कपाटांत सांपडली, व ती कोठून, कोणाकडून, केव्हां आली ह्याची टीप नसली, तर तिचें हें बळ जातें. कागद सुरक्षित राहिला, पण साक्षीदार मुका झाला, असा प्रकार होतो.

म्हणून आमची सूचना अशी आहे. देवस्थानाचा कागद हातीं आल्यास तो ज्या रुमालांतून निघाला त्याचें नांव, गांव, देणाराचें नातें व तारीख ही टीप त्याच दिवशीं लिहून ठेवावी. सनद घेतली तर जमाखर्चाच्या वह्याही घ्याव्या. निदान त्यांची याद करावी. संस्थान चालू असल्यास असल परत करून आपण नक्कल अगर छायाचित्र ठेवावें. विश्वस्तांनींही आपलें दप्तर हें संस्थानाच्या जमिनीइतकेंच स्थावर धन समजावें, व त्याची यादी मालमत्तेच्या यादीबरोबर ठेवावी.

ह्यांत नवें कांहींच नाहीं. 'प्रति लेहून घेऊन असल पत्र भोगवटियास परतोन देणें' ही आज्ञा जुन्या सनदांतून कारकुनांस पुन्हां पुन्हां केलेली आहे. ती आज्ञा करणारें राज्य गेलें. पाळण्याचें काम आतां आपल्याकडे आहे.